चाळिशी : वयाचा भाग किती, वहिवाटीचा किती?

मराठीत ‘चाळिशी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचा, दुसरा चष्म्याचा. ‘त्याला चाळिशी लागली’ असे म्हटले, की हात लांब करून वर्तमानपत्र वाचणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. वयाचेच नाव चष्म्याला मिळावे, इतका हा अनुभव सार्वत्रिक आणि वेळेवर येणारा आहे.

मला चाळिशी लागली ती त्रेचाळिसाव्या वर्षी. त्याच आठवड्यात रक्ततपासणीचा अहवाल आला. मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा ६.१ होता. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याची पहिली पायरी. घरी सांगितल्यावर आई म्हणाली, “चालायचंच. वय झालं आता.” हे वाक्य आमच्या घरात पूर्वीही उच्चारले गेले होते. वडिलांना सेहेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा. पुढची सोळा वर्षे त्यांनी गोळ्या वेळेवर घेतल्या, बाकी काही बदलले नाही. वयाला काय करणार? बासष्टाव्या वर्षी त्यांच्या पायाचे एक बोट काढावे लागले.

चष्मा आणि साखर, दोन्हींना एकच कारण लावले गेले. ते बरोबर आहे का, हा या लेखाचा प्रश्न. चाळिशीनंतर शरीरात जे घडते त्यातला वयाचा भाग किती आणि चाळीस वर्षांच्या वहिवाटीचा, म्हणजे अंगवळणी पडलेल्या जगण्याचा, किती? हा हिशेब नीट मांडला नाही, तर जे बदलता येते तेही आपण नशिबाच्या खात्यात टाकतो.

चाळीस हा आकडा

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. अर्थात, त्या काळी सगळे बत्तिशीतच जात होते असे नाही. बालमृत्यू फार असल्याने सरासरी खाली येत होती. बालपण ओलांडलेली अनेक माणसे साठी-सत्तरीही गाठत. तरीही चाळिशी पार करणे ही गृहीत धरण्याची गोष्ट नव्हती.

जुन्या आश्रमव्यवस्थेत पंचविशी ते पन्नाशी हा गृहस्थाश्रम मानला जाई. पण मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वनाकडे निघण्याची वेळ सांगताना वयाचा आकडा दिलेला नाही, खुणा दिल्या आहेत : अंगावर सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवंडाचे तोंड. आज चाळिशीतल्या माणसाचे मूल अनेकदा शाळेतच असते. डोक्यावर घराचे कर्ज असते, आईवडिलांचे आजारपण असते. म्हणजे चाळिशी हा निवृत्तीचा उंबरठा उरलेला नाही. ती आयुष्याची मधली आणि सर्वांत जास्त ओझ्याची वर्षे झाली आहेत. पुढे आणखी तीस-पस्तीस वर्षे याच शरीराने काढायची आहेत.

जे खरोखर वयाचे आहे

आधी चष्म्याची बाजू. डोळ्यातले भिंग जन्मभर वाढत असते. त्यावर नवे थर चढत जातात, जुने आत दाबले जातात आणि भिंगाचा लवचीकपणा कमी होतो. जवळचे पाहताना भिंगाला फुगीर व्हावे लागते. कडक झालेले भिंग तेवढे फुगत नाही. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटीमीटरवरचे अक्षर स्पष्ट दिसू शकते. चाळिशीच्या सुमारास हे अंतर २०-२५ सेंटीमीटरवर जाते आणि मग लांबतच राहते. गाजर खाऊन किंवा डोळ्यांचे व्यायाम करून हा बदल थांबत नाही. शेतकरी असो वा प्राध्यापक, कोणी सुटत नाही. हे निखळ वयाचे काम.

दुसरा तसाच बदल स्त्रियांचा. पाश्चात्त्य देशांत पाळी कायमची जाण्याचे सरासरी वय ५१च्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांत ते चार-पाच वर्षे अलीकडे, सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते. त्याआधीची काही वर्षे संप्रेरकांची पातळी खालीवर होत असते. झोप उडणे, अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटणे, चिडचिड ही त्याची लक्षणे. इस्ट्रोजेन घटल्यावर हाडांची झीज वेगाने होते आणि हृदयविकारापासून मिळणारे संरक्षणही ओसरते. हे वयाचेच, पण ‘वयाचे’ म्हणजे ‘सोसायचे’ असा अर्थ आपल्या घरांतून लावला जातो, तो चुकीचा आहे. जवळचे दिसत नाही म्हणून आपण चष्मा घेतोच ना? मग झोप उडाली, हाडे दुखू लागली, तर स्त्रीने डॉक्टरांकडे जाण्यात संकोच कसला?

वयाच्या नावावर खपवलेले

आता पोटाकडे वळू. ‘चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, त्यामुळे वजन वाढते’ हे वाक्य इतके रूढ आहे, की त्याची शहानिशा करावी असे कोणाला वाटत नाही. ती २०२१ साली झाली. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापे एकत्र केली. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्व वयांची माणसे होती. शरीराचे आकारमान आणि घडण हिशेबात घेतल्यावर असे दिसले, की विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळजवळ स्थिर राहतो. तो उतरू लागतो साठीनंतर, तेही वर्षाला एक टक्क्याहून कमी. म्हणजे चाळिशीत सुटलेल्या पोटाचा दोष चयापचयावर ढकलता येत नाही.

मग बदलते काय? स्नायू. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्के घटते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात, म्हणून ही घट साखरेच्या दृष्टीने महत्त्वाची. पण या घटीतही वयाचा वाटा एक आणि न वापरण्याचा दुसरा. १९९० साली अमेरिकेत एका शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. जे टिकून राहिले त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल, तर चाळिशीत ‘आता काय उपयोग’ म्हणणे हा आळस आहे.

वहिवाटीचा परिणाम दाखवणारा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास लंडनच्या बसचा. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तो प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटे फाडत दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्या चढे. दोघांचा पगार, वस्ती, आहार साधारण सारखाच. तरी हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कमी होते. मॉरिस प्रामाणिक संशोधक होते. बसून काम करायला येणारी माणसे मुळातच स्थूल असतील तर, अशी शंका त्यांनी स्वतःच घेतली, गणवेशाच्या विजारींची मापे तपासली आणि चालकांच्या कंबरा खरोखरच मोठ्या असल्याचे प्रसिद्धही केले. मात्र पुढे इतर व्यवसायांत आणि इतर देशांत झालेल्या अभ्यासांनी मूळ निष्कर्ष टिकवून धरला. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करत आणि ९९ वर्षे जगले.

आपल्यापैकी बहुतेक जण आता चालकाच्या जागी बसलेलो आहोत. समोर रस्त्याऐवजी संगणक आहे, एवढाच फरक.

पुण्यात काढलेले एक छायाचित्र

इथवरचे संशोधन परदेशातले. आपल्या शरीराची एक वेगळी गोष्ट आहे आणि ती पुण्यात उलगडली. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. दोघे शेजारी शेजारी उभे. उंची आणि वजनावरून काढला जाणारा निर्देशांक दोघांचाही अगदी एक, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आतून मात्र वेगळे.

याज्ञिक यांनी याचे मूळ जन्माआधी शोधले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात असे आढळले, की तिथली नवजात बाळे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५ किलो. पण वजनातली ही तूट मुख्यतः स्नायूंची आणि अवयवांची होती. त्वचेखालची चरबी त्या मानाने राखली गेली होती. बाळ दिसायला सडपातळ, घडणीने मात्र चरबीकडे झुकलेले. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या उदरातून मिळालेले हे भांडवल पुढे खुर्ची, साखर आणि तळण यांच्याशी गाठले जाते, तेव्हा चाळिशीतच हिशेब चुकता करावा लागतो.

म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरे बोलते. भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही १० कोटींवर आणि मधुमेहपूर्व अवस्थेतले १३ कोटींवर आहेत.

ही दुसरी संख्या भीतिदायक वाटते, पण आशा तिच्यातच आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहपूर्व अवस्थेतल्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय होते ४६, म्हणजे माझ्या वडिलांचे त्या वेळचे वय. ज्यांना नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यातले ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांच्याकडून रोज किमान अर्धा तास भरभर चालणे, साखर आणि तेल-तूप कमी, तंतुमय पदार्थ जास्त एवढेच नेटाने करून घेतले, त्यांच्यातले ३९ टक्के झाले. हा चमत्कार नव्हे. पथ्य पाळूनही शंभरातल्या ३९ जणांना मधुमेह झालाच. तेवढा वाटा वारशाचा, वयाचा, आधीच्या वर्षांचा. पण शंभरातले सोळा जण वाचले, आणि त्यांनी रोजचा दिवस थोडा वेगळा घालवला होता, इतकेच.

उद्दिष्टांचे काय?

मनाची चाळिशी हाही या हिशेबाचाच भाग. ‘मध्यवयीन पेच’ ही कल्पना मांडली एलियट जॅक्स या मानसशास्त्रज्ञाने, १९६५ साली. कलावंतांची चरित्रे तपासताना त्यांना दिसले, की पस्तिशीनंतर अनेकांच्या निर्मितीला वळण लागते, कारण स्वतःचे मरण प्रथमच खरे वाटू लागते. अमेरिकेतल्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी पुढे दाखवले, की उरलेला वेळ मोजका आहे असे जाणवले, की माणूस ओळखी आणि आकडे वाढवणे सोडून अर्थपूर्ण वाटणारी मोजकी कामे आणि माणसे निवडतो. चाळिशीत जुन्या महत्त्वाकांक्षा फिक्या वाटणे ही म्हणून बिघाडाची खूण नव्हे. ती निवडीची वेळ असते.

आपल्याकडे याचे ठळक उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे. १९०० साली ते बेचाळिशीत होते. फर्ग्युसनमधली गणिताची प्राध्यापकी होती, संसार होता. त्या वर्षी त्यांनी अनाथ बालिकाश्रम हिंगण्याच्या माळावर नेला आणि तिथून पुण्यात शिकवायला ते पायी येत-जात. महिला विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, आणि जगले १०४ वर्षे. चालण्यामुळे ते शतायुषी झाले असे म्हणता येणार नाही; एका माणसावरून शास्त्र ठरत नाही. पण त्यांचे चालणे कामापासून वेगळे नव्हते, हे महत्त्वाचे. आरोग्य हेच ध्येय केले, की ते महिनाभरात कंटाळवाणे होते. ज्याला काही करायचे आहे, त्याला शरीर हवे असते.

शेवटचा हिशेब

आणखी एक नोंद करायला हवी. ‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला ज्याच्याकडे अर्धा तास आहे त्याच्यासाठी आहे. दोन लोकल बदलून घरी येणारी, आल्यावर कणीक मळणारी, सगळ्यांच्या शेवटी उरलेसुरले जेवणारी बाई तो कुठून काढणार? तिच्या अर्ध्या तासासाठी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी उठावे लागते. जीवनशैली ही एकट्याची नसते. ती घराची असते.

आमच्या घरात मोठे काही बदललेले नाही. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालतो, शंभर पावलांवर न थांबता पंधरा मिनिटे. जेवणानंतरच्या चालण्याने साखरेची चढण कमी होते. भात निम्मा, उसळ दुप्पट. आठवड्यातून दोनदा वजने. भाकरी आता मी करतो, त्या वेळात बायको फिरून येते. वर्षाने तपासणी केली, तर आकडा ५.८ आला. पूर्ण निर्धोक नाही, पण उतरलेला. अहवाल वाचताना चष्मा मात्र लावावाच लागला. तेवढे वयाचे.