अफूजन्य पदार्थांची अतिमात्रा : तातडीचे उपचार

हेरॉइन, मॉर्फीन, फेंटानिल, ट्रामाडॉल यांसारखा अफूपासून बनलेला किंवा अफूसारखा परिणाम करणारा पदार्थ शरीराला सोसणार नाही इतक्या प्रमाणात घेतला जाणे, याला अफूजन्य पदार्थांची अतिमात्रा (ओव्हरडोस) म्हणतात. हे पदार्थ मेंदूतील श्वसनाचे नियंत्रण मंदावतात. मृत्यू बहुधा श्वास थांबल्यामुळे ओढवतो. म्हणून रुग्णवाहिकेतील पथकाचे पहिले काम रुग्णाला प्राणवायू मिळवून देणे हे असते.

लक्षणे

शुद्ध हरपणे, श्वास अतिमंद होणे किंवा थांबणे आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे ही तीन प्रमुख लक्षणे आहेत. ओठ व नखे निळसर पडतात. घशातून घोरल्यासारखा आवाज येऊ शकतो. ही गाढ झोप समजून घरची माणसे थांबून राहिल्यास मौल्यवान वेळ जातो. प्राणवायूअभावी काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पथकाची कार्यपद्धती

आसपास सुया किंवा अन्य धोका नाही ना, हे प्रथम पाहिले जाते. रुग्णाला मोठ्याने हाक मारून व खांदे हलवून प्रतिसाद तपासतात. नाडी चालू असून श्वास पुरेसा नसेल, तर मान मागे झुकवून व हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करतात आणि मुखवटा लावलेल्या पिशवीने साधारण दर ६ सेकंदांना एक श्वास देतात. नाडी लागत नसल्यास छातीदाब सुरू करतात. रक्तातील साखर उतरल्यानेही शुद्ध हरपते, म्हणून तिचीही तपासणी होते.

नालोक्झोन

नालोक्झोन हा अफूजन्य पदार्थांवरील उतारा आहे. मेंदूतील ज्या ग्राहींना हे पदार्थ चिकटतात, तेथून त्यांना हटवून तो स्वतः ती जागा घेतो. १९६१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. तो शिरेतून, स्नायूत किंवा नाकातील फवाऱ्याने देतात. परिणाम काही मिनिटांत दिसतो. मात्रा एकदम जास्त झाल्यास व्यसनी रुग्णाला उलट्या, घाम व तीव्र अस्वस्थता जाणवते. त्यामुळे रुग्ण पूर्ण जागा होणे नव्हे, तर श्वास पुरेसा चालू होणे हे उद्दिष्ट मानले जाते. मद्य किंवा झोपेच्या इतर गोळ्यांवर हा उतारा चालत नाही.

नंतरचे निरीक्षण

नालोक्झोनचा परिणाम सुमारे ३० ते ९० मिनिटे टिकतो. पोटातील पदार्थाचा अंमल त्याहून लांबू शकतो. म्हणून शुद्धीवर आलेला रुग्ण "आता बरे वाटते" म्हणून घरी निघाला, तरी श्वास पुन्हा मंदावण्याचा धोका राहतो. त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

मदत येईपर्यंत

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि देशभर आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी किंवा लिंबूपाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास नीट चालू असल्यास तिला कुशीवर वळवावे. लोकलज्जेपोटी किंवा पोलिसांच्या भीतीने माहिती लपवल्यास उपचारांना उशीर होतो. काय, किती व केव्हा घेतले हे पथकाला सांगावे आणि रिकामे वेष्टन दाखवावे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.