मिटणाऱ्या चाकूची पारख



बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो. मडके घेताना टिचकी मारून नाद ऐकतो. पण बाजारात मिटणारा चाकू घ्यायचा झाला, की धारेवरून अंगठा फिरवला आणि झाली आपली पारख! धार काय, ती दगडावर घासून उद्या पुन्हा आणता येते. चाकू दगा देतो तो दुसरीकडेच. ते ठिकाण कोणते आणि ते कसे तपासावे, एवढेच आज सांगणार आहे.

मी राहतो सीवूड्सला, नव्या मुंबईत. नाव इंग्रजी असले तरी भोवतालची गावे जुनी, आगरी-कोळी लोकांची. करावे आणि दारावे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे येथे शहर उभे राहिले. तरी करावेतील काही मंडळी अजून खाडीत होड्या घालतात. त्यांतल्या एका वृद्ध नाखवांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आडवा व्रण आहे. होडीच्या पंख्यात गुंतलेली नायलॉनची दोरी ते कापीत होते. चाकूचे टोक दोरीत रुतले. ते उचकून काढायला गेले, तो पाते मिटले आणि नेमके बोटावर बसले. मला म्हणाले, “मास्तर, पातं बेस होतं. दगा दिला तो खिल्यानं.”

नाखवांचे हे निदान शास्त्राला धरून आहे. सलग चाकूचे पोलाद मुठीच्या आतपर्यंत गेलेले असते. मिटणाऱ्या चाकूचे पाते मुठीच्या तोंडाशीच संपते, आणि तेथे एका बारीक खिळ्यावर फिरते. म्हणजे ही एक तरफच झाली. समजा, खिळ्यापासून टोक ८ सेंटीमीटरवर आहे आणि पात्याची टाच अडवणारा खटका खिळ्यापासून १ सेंटीमीटरवर. आता टोकाशी ५ किलोचा जोर पडला, तर खटक्यावर किती पडेल? पाच आठे चाळीस, म्हणजे ४० किलो! खिळ्यालाही जवळजवळ तेवढाच ताण सोसावा लागतो. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात तरफ शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे.

मिटणारे चाकू साधारण तीन तऱ्हेचे. पहिल्यात पाते केवळ खिळ्याच्या घट्टपणाने उभे राहते. दुसऱ्यात मुठीच्या पाठीला पोलादी कमान असते. ती पाते दाबून धरते, पण जोर पडला तर सोडतेही. तिसऱ्यात खटका असतो. तो सोडवल्याखेरीज पाते मिटत नाही. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा एक साधा चाकू घडवला. तो शेतकऱ्यांत फार चालला. त्याचे उघडे पाते जागीच राहावे म्हणून सांध्यावर फिरती कडी बसवण्यात आली, ती मात्र १९५५ साली. पाते चांगलेच होते. सुधारणा करावी लागली ती सांध्यात.

तेव्हा दुकानात आधी सांधा पाहा. पाते पूर्ण उघडा, मूठ एका हाती घट्ट धरा आणि पाते डावीउजवीकडे हलवून बघा. ते डुगडुगले, तर चाकू खाली ठेवा. आजचा थोडा खेळ सहा महिन्यांनी पुष्कळ होतो. मग पाते मिटून उजेडाकडे धरा. ते मुठीच्या मधोमध बसले पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर खिळा तिरपा आहे. खटका असेल तर मूठ दोन्ही बाजूंनी धरून पात्याची पाठ लाकडी फळीवर हळूहळू दाबा. बोटे मात्र पात्याच्या वाटेत ठेवायची नाहीत, बरं का! खटका सरकला, तर तो चाकू घेऊ नका.

आता पोलादाकडे वळू. लोखंडात पुरेसा कर्ब असेल तरच पाणी दिल्यावर ते कडक होते. नुसते कडक पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून लोहार ते पुन्हा बेताचे तापवून थोडे नरम करतो. हा समतोल साधला आहे की नाही, हे घरी पितळी सळईवर पाहता येते. धार सळईवर तिरपी ठेवून हलकेच दाबा. ती किंचित लवून परत सरळ झाली, तर उत्तम. वाकलेलीच राहिली, तर पोलाद नरम. तिचा टवका उडाला, तर फाजील कडक. धार लावताना विजेच्या चाकावर पाते तापून निळसर झाले, तर तेवढ्या जागेचे पाणी उतरले असे समजावे. तेथे धार टिकत नाही.

टिकाऊपणाचा एक प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून मुलांना दाखवावा. दोन चाकूंना सारखी धार लावा. काथ्याच्या सुंभाचे तुकडे कापत जा आणि मोजत जा. दर दहा तुकड्यांनंतर वर्तमानपत्राचा कागद कापून पाहा. कागद फाटू लागला, की धार गेली. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या प्रयोगशाळेत यंत्राने हेच करतात. तेथे सुंभाऐवजी बारीक वाळू मिसळलेला जाड कागद असतो, इतकेच.

खाडीकाठच्या मंडळींना एक सूचना. ‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच न गंजणारे, असे नाही. त्यात क्रोमियम निदान साडेदहा टक्के असते, म्हणून गंज उशिरा धरतो. पण खारे पाणी सांध्यात साचून राहिले तर तेथे तो लागतोच, आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून काम झाले की चाकू गोड्या पाण्याने धुवा, उघडा ठेवून वाळवा आणि खिळ्यापाशी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा.

शेवटचे सांगणे असे. चाकू कितीही चांगला असला तरी तो कापण्यासाठी आहे. त्याने डबे उचकटू नयेत, बांबू फोडू नये. त्याला कोयता आहे, पहार आहे. नाखवांनीही आता होडीत सलग पात्याची सुरी ठेवली आहे. मिटणारा चाकू त्यांच्या खिशात अजून असतो, पण तो सुतळी कापण्यापुरता.