लाल ठिपके

उज्जैनला माझी मावशी राहते. शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात गेलेल्या घरांपैकी तिचं सासर. घरात मराठी बोलतात, पण गिरणीला चक्की म्हणतात आणि सकाळी पोह्यांबरोबर जिलबी लागते. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे होते. तिनं पातेलंभर सोयाबीन उकळायला ठेवलं, घड्याळ लावून वीस मिनिटं. मग ते चाळणीत निथळलं, गच्चीवर जुन्या साडीवर पसरलं आणि दोन उन्हं दिल्यावर, दाणे खुळखुळायला लागल्यावर, नऊ किलो गव्हाला एक किलो या मापानं मिसळून डबा चक्कीवर पाठवला.

"दळायचंच आहे तर उकळलंस कशाला?" मी विचारलं.

"अगं, कच्चं दळलं तर पोटात गोळा बसतो. चक्कीवालासुद्धा आधी विचारतो, उबाला ना?"

हरभरा शेतातून उपटून हिरवा खाता येतो. शेंगदाणा कच्चा खातात. मग या एका दाण्याचं काय बिनसलंय? महाकालाच्या गावात विषाची गोष्ट काढली की हलाहल आणि भांग दोन्ही आडवी येतात. मी दोन्हींना वाट करून दिली आणि सोयाबीनच्या मागे लागले.

माळव्याची काळी जमीन एके काळी पावसाळ्यात बरीचशी पडीक ठेवत. पाऊस जिरवायचा आणि रब्बीला गहू-हरभरा घ्यायचा. सोयाबीन अगदीच अनोळखी नव्हतं. काळ्या दाण्याचं 'काळीतूर' नावाचं देशी वाण इथं होतं. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी १९३५ मध्येच सोयाबीन ताटात आणून पाहिलं होतं. पण पिवळा दाणा मोठ्या प्रमाणावर आला तो साठच्या दशकाच्या अखेरीस, जबलपूरच्या कृषी विद्यापीठानं अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साथीनं केलेल्या चाचण्यांनंतर. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पडीक खरीप पिवळाधमक झाला. आज उज्जैनच्या मंडीत हंगामात ट्रॉल्यांची रांग लागते. व्यापारी ट्रॉलीत हात खुपसून मूठभर दाणे काढतो, एक दाताखाली कट्‌कन फोडतो, ओलावा अजमावतो आणि थुंकून टाकतो. गिळत मात्र नाही.

का गिळू नये, याचा पहिला नीट पुरावा उंदरांनी दिला. १९१७ मध्ये ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांना सोयाबीन खाऊ घातलं. शिजवलेलं खाणारे उंदीर वाढले, कच्चं खाणारे खुरटले. दाण्यात प्रथिनं तीच, साधारण चाळीस टक्के, डाळींना मागे टाकतील इतकी. ती उंदराच्या पोटात गेलीही होती, पण अंगी लागली नव्हती.

कोडं सुटायला आणखी अठ्ठावीस वर्षं गेली. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये दाण्यातून एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळं काढलं. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर प्रथिनांचे तुकडे करतं. कुनिट्झचं प्रथिन त्या कात्रीसमोर चक्क अन्नाचं सोंग घेऊन जातं. कात्री त्याला धरते आणि धरलेलं सोडता येत नाही. पाती मिटलेली, कात्री निकामी. दाण्याच्या बाजूनं पाहिलं तर हे चोख आहे: मला खाणाऱ्या किड्यानं मला पचवू नये.

पुढचा भाग मला जास्त चकित करतो. ट्रिप्सिन कमी पडतंय हे आतड्याला कळतं. ते संप्रेरक सोडून स्वादुपिंडाला सांगतं, आणखी पाठव. स्वादुपिंड आणखी कात्र्या पाठवतं, त्याही अडकतात. पुन्हा निरोप, पुन्हा कात्र्या. उंदरांचं आणि कोंबडीच्या पिल्लांचं स्वादुपिंड या हमालीनं सुजून मोठं होतं. ट्रिप्सिन स्वतः प्रथिनच, आणि त्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर. सोयाबीनमध्ये नेमकी हीच आम्लं कमी. म्हणजे पिल्लू खातंय सोयाबीन आणि विष्ठेतून टाकतंय स्वतःच्या अंगातलं प्रथिन.

कुनिट्झचं प्रथिन म्हणजे दाण्याला लावलेलं कुलूपच. ते भारी असलं तरी विस्तवापुढे टिकत नाही. प्रथिनाची घडी उष्णतेनं उलगडते आणि सोंग संपतं. मावशीची वीस मिनिटं ती एवढ्यासाठी.

घरी पातेलं पुरतं. हजारो पोत्यांचं काय? उज्जैन-देवास रस्त्यावर कोंबडीखाद्य बनवणारा एक कारखाना आहे. मावशीच्या शेजाऱ्यांच्या ओळखीनं तिथल्या प्रयोगशाळेत जाता आलं. सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्यांतून तिथं सोयापेंड येते. इकडे तिला सगळे डीओसीच म्हणतात. तेलाच्या कारखान्यात दाणे फोडून, टरफल काढून, रुळांखाली दाबून त्यांचे पातळ पोहे करतात, हेक्झेनमध्ये भिजवून तेल काढून घेतात आणि उरलेला चोथा वाफेवर भाजतात. त्या वाफेनं हेक्झेन उडतं आणि कुलूपही मोडतं. पण पुरतं मोडलं का? आलेल्या ट्रकमधली पेंड नीट भाजलीय की घाईत उरकलीय, हे डोळ्यांना दिसत नाही.

तिथल्या केमिस्ट बाईंनी काचेची बशी घेतली. बाटलीतलं पिवळसर पाणी त्यात ओतलं. युरिया आणि फिनॉल रेड, त्या म्हणाल्या. त्यावर चिमटीभर पेंड पसरली आणि घड्याळ लावलं. आम्ही दोघी बशीवर वाकलो. मिनिटभर काही नाही. मग एका कणाभोवती गुलाबी कडा आली आणि तो कण कुंकवासारखा लाल झाला. पलीकडे दुसरा. पाच मिनिटांत सात-आठ ठिपके. "चालेल," बाई म्हणाल्या. "बशी सगळी लाल झाली असती तर ट्रक परत."

गंमत अशी, की ही चाचणी कुलपाची नाहीच. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं एक विकरही असतं. ते युरिया फोडून अमोनिया करतं आणि अमोनियानं फिनॉल रेड लाल होतं. युरिएज आणि कुनिट्झचं प्रथिन साधारण एकाच आचेला नामोहरम होतात. म्हणून जे मोजायला सोपं ते मोजायचं आणि दुसऱ्याचा अंदाज बांधायचा. भात शिजला का हे शितावरून, तसं. याच विकराच्या नावावर विज्ञानात एक मोठी गोष्टही आहे: जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये आपल्या अबईच्या भावकीतल्या एका शेंगेतून युरिएजचे स्फटिक मिळवले, तेव्हा जगात प्रथमच एखादं विकर स्फटिकात बसवलं गेलं. त्याचं नोबेल १९४६ मध्ये मिळालं.

एकही ठिपका उमटला नाही तर? मला वाटलं, उत्तमच. बाईंनी मान हलवली. मग संशय जळकेपणाचा. फार भाजलं की साखर आणि लायसिन एकमेकांना चिकटतात, पेंड तपकिरी होते आणि लायसिन कोंबडीला मिळत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी. थोडक्यात, थोडे ठिपके हवेतच.

उज्जैनहून तासा-दीड तासावर इंदूरला सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, १९८७ पासून. तिथल्या लोकांनी विस्तवाऐवजी थेट बियाण्याला हात घातला. कोरियातून गोळा केलेल्या एका वाणात कुनिट्झचं प्रथिन मुळात बनतच नाही, हे इलिनॉयमध्ये १९७९ च्या सुमारास ध्यानात आलं होतं. त्याचा बिघडलेला जनुक संकर करत करत इंदूरच्या संस्थेनं भारतीय वाणात आणला आणि 'एनआरसी १२७' हे देशातलं पहिलं कुनिट्झमुक्त वाण निघालं. पुढच्या 'एनआरसी १४२' मध्ये कच्चट वास देणारं एक विकरही गायब आहे. मी मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "असेल. मी उकळणारच."

तिचं चुकलेलं नाही. दाण्यात दुसरंही एक कुलूप आहे, बोमन-बर्क नावाचं. लहान, अवघ्या ७१ अमिनो आम्लांचं, पण आत गंधकाच्या सात गाठी मारलेल्या. म्हणून ते जास्त चिवट. याच चिवट कुलपानं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये कर्करोगाला आळा घातलेला दिसला आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याच्यावर वर्षानुवर्षं काम झालं. ज्याला पशुखाद्यात शत्रू मानलं त्याचीच गोळी करून पाहिली! तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर माणसांत चाचणी झाली तेव्हा मात्र ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. मला ही हार आवडते, कारण 'सोयाबीन खा, कर्करोग टाळा' असे संदेश फिरवणाऱ्यांना ती कुणी सांगत नाही.

सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होनचं तर याहून विचित्र. ही द्रव्यं इस्ट्रोजेनशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीर फसतं. यांतल्या डेडझीनपासून आतड्यातले काही जिवाणू इक्वॉल बनवतात. हे नाव घोडीवरून पडलं, कारण १९३२ मध्ये हे द्रव्य प्रथम गाभण घोडीच्या मूत्रात सापडलं. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा निघतात त्यावर इक्वॉलचा उपयोग होतो का, याचा अभ्यास चालतो. पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांकडे नसतात, साधारण तिघांत एकाकडे ते निम्म्या लोकांकडे. एकाच घरात, एकाच कणकेच्या पोळ्या खाणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीच्या रक्तात इक्वॉल असेल आणि दुसरीच्या नसेल. चाळीसच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या फळेनाशा झाल्या, त्यामागेही हेच होतं. त्या चरत होत्या क्लोव्हर, म्हणजे आपल्या बरसीमचंच भावंड. त्यातलं द्रव्य मेंढीच्या पोटात इक्वॉल होई, आणि रोज किलोकिलोनं चरणाऱ्या जनावराला ते भोवलं.

म्हणजे कुणाच्या पोटात जातंय, यावर बरंच ठरतं. मोठ्या गाईला कच्चं सोयाबीन फारसं बाधत नाही. तिच्या कोटीपोटातले जिवाणू कुलूप आतड्यापर्यंत पोचण्याआधीच फोडतात. वासराला ते जमत नाही, त्याचं कोटीपोट अजून तयार व्हायचं असतं. पण हेच कोटीपोट ज्वारीपुढे गाईचा घात करतं. आपल्याकडे किराळ लागणं म्हणतात ते हेच: पावसानं ताण दिलेल्या रानातले ज्वारीचे कोवळे पोंगे गाय खाते आणि तासाभरात कोसळते. ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. ज्वारीच्या 'धुरा' या अरबी नावावरून हे नाव. ते पानाच्या वरच्या थरातल्या पेशींत, तर त्याला फोडणारं विकर आतल्या थरात. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ नाही. गाईनं चावलं की भिंत पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. कोटीपोटातले जिवाणू तर त्या कामाला उलट हातभार लावतात. सायनाइडमुळे पेशींना प्राणवायू वापरता येत नाही, म्हणून रक्त लालभडक राहतं आणि जनावर गुदमरतं. यावरच्या औषधांत सोडियम थायोसल्फेट आहे, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला हायपो. त्यातलं गंधक घेऊन गाईचं यकृत सायनाइडचं थायोसायनेट करतं आणि ते मूत्रावाटे जातं. तीच ज्वारी पक्व होऊन वाळली की कडबा. त्याच गोठ्यात, त्याच गाईपुढे, बिनघोर.

आतापर्यंतच्या गोष्टींत विस्तव, वेळ किंवा जिवाणू कुठे ना कुठे मदतीला आले. एका विषापुढे तिघेही थकतात. ते वनस्पतीचं नव्हे, तिच्यावर बसणाऱ्या बुरशीचं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीनं, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन सापडलं. पण उज्जैनकराला इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही. रतलामच्या पलीकडे राजस्थानचा बांसवाडा, त्याच्या खाली गुजरातचं पंचमहाल. १९७४ मध्ये कापणीआधी अवकाळी पाऊस झाला, मका भिजला आणि तोच भिल्लांच्या घरात गेला. आधी कुत्र्यांना कावीळ झाली. ती घरातल्याच मक्याच्या भाकरीवर जगणारी. मग माणसांना. ३९७ रुग्णांची नोंद झाली, १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला मका तपासला, तेव्हा किलोत सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघालं. आज धान्यासाठी मर्यादा किलोला पंधरा मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या भाकरीत चारशे ते हजार पट. तवा तापून लाल झाला असता तरी उपयोग नव्हता. हा रेणू छोटा, घट्ट, उलगडायला त्याच्यात घडीच नाही. गाईच्या खाद्यात तो असला तर रूप थोडं बदलून दुधात उतरतो.

कारखान्यात मक्याचे ट्रकही येतात. "त्याची बशी कुठे आहे?" मी विचारलं. बाईंनी कोपऱ्यातल्या काळ्या पेटीकडे बोट केलं. भरडलेला मका ट्रेमध्ये पसरून पेटीत सरकवला, पडदा ओढला आणि जांभळा दिवा लावला. मी फटीला डोळा लावला. सगळा मका निळसर, मंद. मग डावीकडच्या कोपऱ्यात अर्ध्या दाण्याची कड हिरवट-पिवळी चमकली, काजव्यासारखी. ही चमक विषाची नव्हे, त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका द्रव्याची, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही, नमुना पुढच्या तपासणीला जातो, असं बाई सांगत होत्या. पेटीबाहेर काढल्यावर तो तुकडा शोधायला मी ट्रेवर वाकले. आजूबाजूच्या दाण्यांसारखाच होता, पिवळा आणि स्वच्छ. बाईंनी ट्रे पुन्हा आत सरकवला, दिव्याखाली चिमट्यानं नेमका तोच उचलला आणि पिशवीवर ट्रकचा नंबर लिहिला.