वीरगळ आणि नामफलक

प्रत्येक शाळेच्या कपाटात एक जाडजूड वही जपून ठेविलेली असते. तीस 'जनरल रजिस्टर' म्हणतात. मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचा दिवस इतके तीत लिहिले की त्या मुलाची ओळ संपते. पुढे तो कारकून झाला की डॉक्टर, हे त्या वहीस कळत नाही. परंतु जे माजी विद्यार्थी रणांगणावर पडले, त्यांच्यासाठी काही शाळांच्या भिंतीवर दुसरी एक ओळ लिहिलेली आढळते. ती दगडावर किंवा पितळेवर कोरलेली असते. अशा युद्धस्मारकांचा अर्थ काय व ती वाचावी कशी, हे आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस थोडक्यात सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

युद्धस्मारक ही कल्पना विलायतेहून आली, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. आपल्या उपनगरातच, बोरिवली स्टेशनाच्या पश्चिमेस एकसर नावाचे जुने गाव आहे. तेथे सहा उंच कोरीव दगड उभे आहेत. ते वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांची स्मारके होत. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळच्या पट्टीत लढाई, तिच्यावर अप्सरा मृत वीरास स्वर्गी नेत आहेत असा देखावा, आणि अगदी वर ईश्वराची पूजा, असा क्रम सामान्यतः असतो. एकसरच्या काही दगडांवर जमिनीवरील लढाई असून काहींवर वल्ही मारीत चाललेल्या गलबतांच्या रांगा आहेत. आरमारी युद्ध दाखविणारे वीरगळ फार विरळा. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा महादेव यादव ह्यांच्यात सुमारे १२६५ साली झालेल्या युद्धाचे हे चित्रण असावे, असे कित्येक अभ्यासक मानतात. काही ते त्याहूनही जुने समजतात.

इतके सुंदर काम, पण त्यांवर आज वाचता येईल असे एकही नाव नाही. गलबते दिसतात, वल्ही मोजता येतात. परंतु वल्ही मारणारा कोण, त्याचे गाव कोणते, त्याच्या आईने त्यास काय म्हणून हाक मारली, हे कोणासही सांगता यावयाचे नाही.

आता पहिल्या महायुद्धाकडे वळू. १९१४ ते १९१८ च्या त्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी लोक समुद्रापार गेले व सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. युद्ध संपल्यावर सरकारने अनेक गावांत फलक बसविले. ह्या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच त्यांवरील मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे ह्या एका गावाचे ४६ जवान त्या युद्धात पडले. इराकातील बसऱ्याच्या स्मारकावर तर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा तेवढा लिहिला गेला. ही वागणूक असमान होती, अशी कबुली अशा स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ साली दिली. शंभर वर्षांनी का होईना, आकडा म्हणजे स्मरण नव्हे, हे मान्य झाले.

उलट दृष्टांतही मुंबईतच आहे. मस्जिद बंदरानजीकच्या खलाशांच्या गृहात त्याच महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज त्यांस दुसरे थडगे नाही. पण तेथे त्यांची नावे आहेत.

नाव कळले म्हणजे काय घडते, ते पाहा. रामस्वामी परमेश्वरन ह्यांचा जन्म १९४६ साली मुंबईत झाला. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलातून १९६३ साली ते शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले. त्याच संस्थेच्या कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेऊन १९७२ साली ते महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत शोधमोहिमेहून परतताना त्यांच्या तुकडीवर छापा पडला. छातीत गोळी लागली असताही मेजर परमेश्वरन ह्यांनी समोरच्या शत्रूची बंदूक हिसकावून त्यास ठार केले, आणि प्राण जाईपर्यंत ते आपल्या माणसांस हुकूम देत राहिले. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. २०२३ साली अंदमानातील २१ बेटांस परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांत त्यांचेही नाव आहे. आपल्याप्रमाणेच बाकावर बसून गणिते सोडविणाऱ्या मुंबईच्या एका मुलाचे ते नाव होय!

सर्वच स्मारके दगडाची नसतात. विलेपार्ल्यास रेल्वेच्या रुळांवरून पूर्वेस व पश्चिमेस जोडणाऱ्या उड्डाणपुलास कॅप्टन विनायक गोरे ह्यांचे नाव आहे. हे पार्ल्याचे तरुण अधिकारी १९९५ साली काश्मिरात कामास आले. अंधेरीकडील आमच्या वाचकांपैकी कित्येकजण त्या पुलावरून जात असतील. परंतु पाटीवरील नाव कोणाचे, हे सांगता येईल असे त्यांत किती निघतील? न वाचलेले नाव आणि न कोरलेले नाव ह्यांत अंतर ते काय राहिले?

युद्धाचा गौरव करावा, असे आमचे म्हणणे नाही. युद्धाइतकी अनर्थकारक गोष्ट दुसरी नाही, आणि स्मारकावरील प्रत्येक ओळ एकेका घरातील रिकाम्या जागेची खूण आहे. म्हणूनच ती ओळ सावकाश वाचावी. विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी वडील मंडळींसह एकसरला जाऊन ते वीरगळ पाहावेत. पालकांनीही आपल्या कुळात वा मूळ गावी कोणी सैन्यात किंवा बोटीवर असता मृत्यू पावला असेल, तर त्याचे नाव, गाव व साल मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. एकसरच्या शिल्पकाराने दगडावर सर्व काही कोरले आणि नाव तेवढे काळाच्या ओघात नाहीसे झाले. आपल्या हाती छिन्नी नसली तरी लेखणी आहे. तिने निदान एक नाव तरी राखावे.