चुलीचा धूर आणि हृदयविकार

हवा दूषित झाली म्हणजे खोकला व दमा जडतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तीच हवा हृदयासही इजा करते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. आपल्या जिल्ह्यात मुंबई किंवा चंद्रपूरसारखी कारखान्यांची दाटी नाही. म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, असे वाटण्याचा संभव आहे. पण अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर ज्या घरात लाकूड, गोवऱ्या किंवा पऱ्हाट्या जळतात, त्या घरापुरता कारखाना चुलीतच असतो. त्याचा धूर सर्वांत जास्त वेळ आई, आजी आणि कडेवरचे मूल यांच्या वाट्याला येतो.

धूर फुप्फुसात जातो. मग हृदयाला बाधा कशी होते? धुरात अत्यंत सूक्ष्म कण असतात. त्यांपैकी जे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, ते आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही बारीक होत. नाकातील केस व कफ त्यांस पुरते अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तेथे दाह उत्पन्न करतात. दाहाचे परिणाम रक्तावाटे सर्व शरीरात पसरतात. अतिसूक्ष्म कण तर प्रत्यक्ष रक्तातही शिरतात. त्यामुळे धमन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की झटका येतो. शिवाय धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, आणि हृदयाला अधिक कष्ट पडतात.

याचा दारुण अनुभव लंडन शहराने १९५२ च्या डिसेंबरात घेतला. ५ ते ९ तारखांस कोळशाचा धूर व धुके शहरावर कोंडून राहिले. नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे अधिक दगावली, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढील संशोधकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. मृतांत फुप्फुसाच्या रोग्यांबरोबर हृदयाचे रोगीही होते. त्यानंतर १९५६ साली तेथे शुद्ध हवेचा कायदा झाला.

असे संकट नसतानाही रोजच्या हवेचा परिणाम रुग्णालयाच्या नोंदवहीत उमटतो. अमेरिकेतील २०४ परगण्यांतील वृद्धांच्या नोंदी तपासून २००६ साली असे दाखविण्यात आले की, दर घनमीटर हवेत सूक्ष्म कण १० मायक्रोग्रॅमने वाढले, तर हृदय दुर्बल झाल्यामुळे दाखल होणाऱ्यांची संख्या त्याच दिवशी सव्वा टक्क्याने वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरगुती धुरामुळे जगात ३२ लक्ष माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश मृत्यू हृदयविकाराचे होते.

सातपुड्याच्या पाड्यावरील रोग्यास घाट उतरून रुग्णालय गाठावयाचे असते. जो वेळ रस्त्यात जातो, तेवढा हृदयाचा स्नायू निकामी होतो. म्हणून येथे प्रतिबंधाचे मोल विशेष आहे.

शिक्षकांनी पुढील गोष्टी विद्यार्थ्यांकरवी घरोघर पोचवाव्यात. सरपण पूर्ण वाळलेले असावे. ओल्या लाकडाचा धूर अधिक. चुलीवर धुराडे किंवा छपरास झरोका असावा, आणि स्वयंपाकाच्या वेळी दार उघडे ठेवावे. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांनी धुरापासून दूर बसावे. ज्या घरी गॅस आहे, तेथे निदान रोजचा मोठा स्वयंपाक त्यावर व्हावा. शाळेच्या आवारात पालापाचोळा जाळू नये. त्याचे खत करावे. पोषण आहार शिजविण्याच्या जागी हवा खेळती आहे ना, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे घेऊन एक चुलीजवळ, पण ज्वाळेपासून दूर, व दुसरा घराबाहेर आठवडाभर टांगावा आणि मग दोन्ही वर्गात शेजारी ठेवून पाहावे. काजळी दिसेल, परंतु सर्वांत घातक कण डोळ्यांस दिसत नाहीत, हेही मुलांस सांगावे.

छातीत दाब किंवा कळ, ती डाव्या हातात वा जबड्यात जाणे, घाम, धाप, ही हृदयविकाराची लक्षणे होत. स्त्रियांत कधी केवळ धाप, मळमळ व थकवा एवढेच दिसते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक चौथीच्या प्रत्येक मुलास तोंडपाठ असावा.