यमुनेचा पूर आणि बागपतचा उतार

पानिपतचे तिसरे युद्ध शिकविताना आपण बहुधा १४ जानेवारी १७६१ या दिवसापासूनच सुरुवात करतो. वास्तविक त्या लढाईची जागा आणि दिशा बऱ्याच अंशी आदल्या पावसाळ्यात यमुनेच्या पाण्याने ठरविली होती.

सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये पटदूरहून उत्तरेकडे निघाले. इटाव्याजवळ नावांचा पूल बांधून यमुना ओलांडावी व अंतर्वेदीत, म्हणजे दुआबात, अहमदशाह अब्दालीला गाठावे असा त्यांचा बेत होता. नावा जमविण्याचे काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होते. भाऊंची त्यांना गेलेली तगाद्याची पत्रे राजवाड्यांनी १८९८ साली छापलेल्या साधनांच्या पहिल्या खंडात आहेत, ती मुळातून वाचावीत. परंतु पाऊस लागला. आधी गंभीर नदीने फौज खोळंबली, मग यमुना दुथडी भरली. जुलैत भाऊ आग्र्याला आले तेव्हा पुलाचा विचारच सोडावा लागला. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी दिल्ली घेतली. अब्दाली पलीकडे अनुपशहराच्या बाजूला राहिला.

पुराचे पाणी फौजेला का अडविते, हे विद्यार्थ्यांना समजावून द्यावे लागते. हलका स्वार घोडा पोहवून नेईल. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, दारूगोळा, धान्याचे बैल आणि बुणगे कसे नेणार? नावांचा पूल बांधावा तर ओढीपुढे नांगर टिकत नाहीत, आणि पात्र रोज रुंदावत असल्याने पुलाचे टोक काठाला लागत नाही.

ऑक्टोबरात भाऊ पश्चिम काठाने वर सरकले व १७ तारखेला कुंजपुरा जिंकला. धान्याचा मोठा साठा हाती आला. अब्दाली पलीकडून मदत करू शकला नाही. येथेच, माझ्या मते, घात झाला. जे पाणी शत्रूला आठवड्यापूर्वी अडवीत होते ते पुढेही अडवील असे धरले गेले आणि मागच्या घाटांवर पुरेशी नजर राहिली नाही. पाऊस सरल्यावर यमुना झपाट्याने ओसरते. उर्दूत पायी ओलांडता येण्याजोग्या पाण्याला ‘पायाब’ म्हणतात, मराठीत ‘उतार’. असा उतार दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर बागपतला सापडला. २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीची फौज तेथून पार झाली. उताराची वाट चुकलेले काही जण वाहून गेले, पण फौज उतरली.

आता ती भाऊ आणि दिल्ली यांच्यामध्ये होती. भाऊंनी पानिपतला तळ दिला. दक्षिणेकडची वाट बंद, रसद तुटलेली. दुआबातून अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत डिसेंबरात ठार झाले. कुंजपुऱ्याचे धान्य एवढ्या मोठ्या तळाला किती दिवस पुरणार होते? अखेर उपाशी फौज बाहेर पडली ती दक्षिणेकडे तोंड करून. समोरच्या अफगाण फौजेच्या पाठीशी दिल्ली होती.