रोपांचा छोटा पहारेकरी

बालमित्रांनो, वाळलेल्या लाल मिरचीतलं बी काढा. हात मात्र साबणानं धुवा, नाहीतर डोळे चुरचुरतील! कुंडीत माती आणि शेणखत मिसळा, बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा आणि हलक्या हातानं पाणी शिंपडा. ८-१० दिवसांत रोपं डोकं वर काढतील.

चार-सहा पानं फुटली की रोज पानांच्या खाली डोकावून बघा. हिरवे-काळे बारीक किडे दिसले, तर तो मावा. तो रस शोषतो आणि पानं मुरडतात. पण थांबा, लगेच काही फवारू नका हं! जवळच नारिंगी ठिपक्यांची काळी, काटेरी अळी दिसते का? ती लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या ढालकिड्याचं पिल्लू. मावा हेच तिचं जेवण. तिला मारलंत, तर रोपाचा पहारेकरीच गेला!

अळी नसेल, तर पाण्याच्या फवाऱ्यानं मावा धुऊन काढा. तरीही राहिला, तर आई-बाबांच्या मदतीनं ५० ग्रॅम निंबोळीची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून घ्या आणि किंचित साबण घालून संध्याकाळी फवारा. निंबोळीतल्या ॲझाडिरॅक्टिनमुळे किडीची भूक मरते.

मग, तुमच्या कुंडीत आज पहाऱ्यावर कोण आहे?